काही करत नाही हो तो!

अभिनंदन! तुम्ही कुत्रा घ्यायचं ठरवलंत. आता पहिलं पथ्य पाळा: कुत्रा घरी येईपर्यंत त्याच्याविषयी काहीही वाचू नका. वाचलं की शंका येतात, आणि शंका आलेला माणूस एखाद्या देशी पिल्लावर समाधान मानतो. मग पार्किंगमध्ये त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. तुम्हाला तर लोकांनी बघायला हवंय. तेव्हा मान जाड, छाती रुंद आणि जबडा असा की समोरच्याने आपणहून रस्ता बदलावा, असं काहीतरी निवडा. तुम्ही दोन खोल्यांत राहता, दिवसाचे दहा तास घराबाहेर असता आणि जिना चढताना तुम्हालाच धाप लागते, या बाबी गौण आहेत. कुत्र्याला विचारलंय कोणी?

पिल्लू कुठून आणायचं, याचे नियम २०१७ सालीच झालेत. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असताना विकायचं नाही, वगैरे. तुम्ही मात्र व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून हायवेवरच्या पेट्रोल पंपापाशी गाडीच्या डिकीतून पिल्लू काढून देणाऱ्या गृहस्थावर विश्वास ठेवा. आई दाखवा म्हणू नका, वाईट दिसतं. पिल्लू पाचव्याच आठवड्यात आईपासून तोडलेलं असेल तर फारच छान. भावंडांशी खेळताना आपण जोरात चावलो की समोरचं केकाटतं आणि खेळ बंद पडतो, हा धडा पिल्लं त्याच सुमारास शिकतात. तुमच्या पिल्लाचा तो हुकेल. काळजी नको, पुढे शेजाऱ्यांच्या पोटऱ्या आहेतच.

आता कोणीतरी तुम्हाला बंदीची भीती घालेल. घाबरू नका, तो इतिहास तोंडपाठ करा. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना पत्र पाठवलं: तेवीस जातींचे कुत्रे आयात करायचे नाहीत, पैदास करायची नाही, विकायचे नाहीत आणि लोकांकडे आधीपासून असतील त्यांची नसबंदी करायची. यादी मोठी प्रेमाने केलेली होती. तीत टोसा इनू होता आणि थोडं पुढे जपानी टोसाही होता. हे दोन्ही एकच कुत्रा, पण बहुधा एकदा बंदी घालून सरकारचं समाधान झालं नसावं. शिवाय नुसतं ‘टेरियर्स’ असंही एक घाऊक नाव होतं. म्हणजे केसांना रिबीन बांधून मांडीवर बसणारं यॉर्कशायर टेरियरही पिटबुलच्या पंगतीला. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी हे पत्रक रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं. तुम्ही यातलं फक्त ‘रद्द केलं’ एवढं लक्षात ठेवा. पत्रक काढण्याची पद्धत चुकली म्हणून ते गेलं आणि तुमच्या रॉटवायलरच्या स्वभावाला न्यायालयाने काही प्रशस्तिपत्र दिलेलं नाही, हा तपशील सोसायटीच्या सभेत काढायची गरज नाही.

खरं सांगायचं तर जातींची यादी ही मालकांसाठी फार सोयीची गोष्ट. ब्रिटनने १९९१ साली कायदा करून चार जाती ठरवल्या, २०२३ च्या अखेरीस एक्सएल बुली ही पाचवी घातली. यादीत नसलेल्या कुत्र्यांना हे कोणी कळवलं नाही, ते आपले चावतच राहिले. त्याच कायद्यात तिसरं कलम आहे, ते जात विचारतच नाही. कुठलाही कुत्रा धोकादायक रीतीने हाताबाहेर गेला की ते मालकाला धरतं. पण त्यावर टीव्हीवर आरडाओरडा करता येत नाही. यादीवर करता येतो. तुम्हीही ‘जातीवरून भेदभाव’ या विषयावर तावातावाने बोलत राहा. तेवढ्या वेळात तुमच्या हातातली साखळी कुठे आहे, हे कोणी बघत नाही.

आपल्याकडच्या तशाच कलमाची मात्र नीट ओळख करून घ्या. पूर्वी भारतीय दंड संहितेत २८९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९१ झालं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना, जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आधी दंडाची मर्यादा हजार रुपये होती. महागाई सगळीकडेच आहे.

हे कलम शब्दाशब्दाने पोखरता येतं. ‘ताब्यातल्या’ म्हणतंय ना? मग कुत्रा मुलाचा आहे. मुलगा बंगळुरूला असतो. त्याचा फोन लागत नाही. ‘संभव’ म्हणतंय? मग संभव होता हे तुम्हाला कसं कळणार? आजवर त्याने कधी कोणाला चावलं नाही. मागच्या वर्षी कुरिअरवाल्याला लागलं ते नख होतं. दूधवाल्याची विजार फाटली ती आधीच विरलेली होती. मोलकरणीने काम सोडलं ते पगारावरून. फक्त एका गोष्टीने घात होतो. बहुतेक मालक फाटकावर मोठ्या अक्षरांत ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावतात आणि पंचनाम्याच्या वेळी शपथेवर सांगतात की तो अगदी गरीब आहे, मुंगीलाही दुखवत नाही. पोलीस आधी पाटीचा फोटो काढतात. पाटी काढा. नाहीतर तिच्यावर ‘सुस्वागतम्’ लिहा.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. महापालिकेकडून कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो, तो नवा करत राहावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. म्हणजे एका कागदासाठी दुसरा कागद. तुम्ही घेऊ नका. विचारलंच तर ‘ऑनलाइन भरलाय, साइट बंद आहे’ असं सांगा. हे उत्तर आजवर कोणालाही खोडून काढता आलेलं नाही. लसीचंही तेच. ‘आमचा घरातच असतो, त्याला कुठून रेबीज होणार’ असं म्हणा आणि रोज संध्याकाळी त्याला त्याच रस्त्यावर घेऊन जा, जिथे प्रत्येक गाडीखाली एकेक भटका झोपलेला असतो.

वाढवायचं कसं? साखळीने बांधून. बाल्कनीच्या गजाला आखूड साखळी, समोर भिंत, खाली रहदारी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा मालकाचा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलाय. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलात तर पंचवीस ते शंभर, आणि हो, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही सोय आहे, पण पंचवीस रुपयांच्या गुन्ह्यासाठी तिथवर कोण जाणार! फिरवायला माणूस ठेवलात तर पहिल्याच दिवसाचा पगार याहून जास्त होतो. हिशेबी माणसाने दंड भरावा.

पिल्लाला पहिल्या तीन-चार महिन्यांत मुलं, म्हातारी माणसं, सायकली, छत्र्या, झाडूवाले, हेल्मेट घातलेले लोक हे सगळं दाखवायचं असतं, म्हणजे पुढे ते दिसलं की तो बिथरत नाही. तुम्ही हे टाळा. त्याचं पहिलं हेल्मेट त्याला दीड वर्षाचा झाल्यावर, पस्तीस किलो वजनाने बघू दे.

आणि गुरगुरला तर लगेच फटका द्या. इथे बहुतेक जण कमी पडतात. कुत्रा चावण्याआधी पुष्कळ काही सांगत असतो: भूक नसताना ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, तोंड वळवतो, डोळ्यांचा पांढरा कोपरा दाखवतो, अंग ताठ करून जागीच थिजतो, आणि तरीही कोणी ऐकलं नाही तर गुरगुरतो. गुरगुरण्याला दोन-चारदा मार बसला की तो शहाणा होतो आणि ही पायरी गाळतो. मग तुम्हाला पंचनाम्यात अगदी खरं सांगता येतं, ‘काही कळायच्या आत चावला हो!’ शेपटीवरही भाष्य करायला विसरू नका. शेपूट उंच, ताठ आणि काठीसारखी भराभर हलत असेल तर तो भडकलेला असू शकतो, पण तुम्ही ‘बघा, शेपूट हलवतोय, ओळखलं तुम्हाला’ असं म्हणून पाहुण्याला पुढे ढकला. मुलं असतील तर त्याच्या पाठीवर बसवा, जेवताना त्याच्या ताटलीत हात घालायला लावा आणि व्हिडिओ काढा. इन्स्टाग्रामवर असे व्हिडिओ जोरात चालतात.

लिफ्ट हे तुमचं खरं रणांगण. केंद्राच्या भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, मुसकं बांधा असा आग्रह धरता येत नाही. या सूचना छापून, लॅमिनेट करून खिशात ठेवा. त्याच सूचनांमध्ये, सार्वजनिक जागेत कुत्रा पट्ट्याने धरा आणि त्याने केलेली घाण स्वतः उचला, असंही मालकांना सांगितलंय. तो भाग लॅमिनेशनच्या वेळी कापून टाकला तरी कागद सुबक दिसतो. लिफ्टमध्ये आधीच एखादी आजी आणि नातू असतील तर थांबू नका, आत शिरा, कुत्रा मधोमध उभा करा आणि साखळी सैल सोडून फोन बघा. आजी कोपऱ्यात सरकल्या की म्हणायचं, ‘घाबरू नका हो आजी, घाबरलेलं त्याला लगेच कळतं.’ म्हणजे चावला तर दोष कोणाचा, हे दुसऱ्या मजल्यावरच ठरून जातं.

मुसक्याबद्दल बोलायचं तर तुम्ही ते क्रूर आहे असं जाहीर करा. जाळीचं, सैल, आत तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असं मुसकं असतं आणि हळूहळू सवय लावली तर कुत्रा ते सहज घालतो. पण सवय लावायला वेळ जातो. अनोळखी लहान मुलांनी लिफ्टची सवय सोडणं जास्त सोपं आहे.

घाणीचं काय करायचं, हे मी सांगायला नको. आकाशाकडे बघायचं.

तर, एक दिवस तो चावेल. वर सांगितलेलं सगळं मनापासून केलं असेल तर चावेलच. अशा वेळी पहिला प्रश्न ‘लागलं का?’ हा विचारायचा नाही. पहिला प्रश्न: ‘तुम्ही त्याला काय केलंत?’ माणूस पळत होता, म्हणून. उभा होता, म्हणून. हातात काठी होती, हातात काठी नव्हती, डोळ्यांत डोळे घातले, काळा शर्ट घातला. दरम्यान जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची असते, कारण रेबीजचा विषाणू लाळेतून येतो आणि लक्षणं एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. पण त्या पंधरा मिनिटांत तुमची बाजू कोण ऐकून घेणार? धुणं थांबवा, हळद-तिखटाची जुनी पुडी सुचवा. ती जखमेला चालत नाही हे डॉक्टर सांगतीलच, तोवर तुम्ही घरी पोचलेले असाल. लसीची सगळी इंजेक्शनं घ्यावी लागतात, जखम खोल असेल तर त्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, हेही द्यावं लागतं. हा खर्च तुम्ही द्यावा असं कोणी म्हटलं तर दुखावल्यासारखे व्हा. ‘आम्ही त्याला मुलासारखं वाढवलंय’ हे वाक्य इथे फार कामी येतं. मूल म्हणून वाढवलेल्याची भरपाई मागायला लोकांना संकोच वाटतो.

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. तो तेवढे दिवस धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं मानतात आणि डॉक्टरांना पुढचं ठरवता येतं. तुम्ही त्याला दुसऱ्याच दिवशी गावी पाठवून द्या. विचारलं तर हवापालटाला गेलाय म्हणायचं.

आणि अगदीच प्रकरण वाढलं, पोलीस आले, बायको वैतागली, तर शेवटचा मार्ग आहेच. रात्री गाडीत घाला, शहराबाहेरच्या ढाब्यापाशी दार उघडा, बिस्किटाचा पुडा लांब फेका आणि निघा. प्राणी असा टाकून देणं हाही त्या १९६० च्याच कायद्याखाली गुन्हा आहे. पण पहिल्या खेपेचा दंड तुम्हाला पाठ झालाय, बिस्किटाचा खर्च त्यात मिळवा. नसबंदी तुम्ही केली नव्हतीच, त्यामुळे वर्षभरात त्या ढाब्यावर रुंद छातीची, जाड मानेची बरीच पिल्लं दिसू लागतील. एव्हाना सोसायटीच्या वार्षिक सभेत भटक्या कुत्र्यांच्या उपद्रवाचा विषय आलेला असेल. पहिला हात तुम्हीच वर करा, आणि महापालिका झोपा काढते काय, असं खडसावून विचारा.