'रिपोर्ट निगेटिव्ह, आता गोळ्या बंद' म्हणे

परवा मामांनी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला. "ब्लड कॅन्सरचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की कॅन्सर मुळापासून गेला, फ्रान्समध्ये सिद्ध झालंय, गोळ्या बंद करा, लिव्हर वाचवा, परत आलाच तर परत चालू करा." खाली अकरा जणांचे हात जोडलेले. मी सात वर्षं इमॅटिनिब, म्हणजे ब्लड कॅन्सरचीच गोळी, खातोय म्हणून लिहितो, मामा रागावू नका.

पहिलं म्हणजे कुठला ब्लड कॅन्सर ते तरी बघा. फ्रान्सचं ते सगळं सीएमएलचं (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) आहे, सीएलएल हा वेगळा ब्लड कॅन्सर, तो असलेल्याने ते वाचून गोळी सोडू नये.

बाकी फ्रान्सचं खरंय. स्टिम नावाची ट्रायल, १०० पेशंट, पण घेतले कोणते, तर ज्यांच्या पीसीआरमध्ये (रक्तात कॅन्सरचा अंश किती उरलाय ते मोजणारी टेस्ट) किमान २ वर्षं काहीच सापडलं नव्हतं तेच, आणि तरी गोळी थांबवल्यावर निम्म्याहून जास्त जणांचा आजार परत दिसायला लागला, बहुतेकांचा पहिल्या ६ महिन्यांतच. नंतर युरोपात ७०० च्या वर पेशंटवर बघितलं तर २ वर्षांनी साधारण निम्मे गोळीशिवाय ठीक. फॉरवर्डवाल्याने दुसरे निम्मे गाळले.

निगेटिव्ह म्हणजे टेस्टला सापडलं नाही, एवढंच. मुळाचं कोणी बघितलंय?

लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तर तपासण्या करतात. मला सकाळी डोळे सुजतात, रात्री पोटरीत गोळे येतात, त्रास नाही असं कोण म्हणतंय. पण गोळी थांबवल्यावरही काहींचे सांधे-स्नायू काही महिने दुखतात, ते या फॉरवर्डमध्ये नाही.

आणि "परत आला तर चालू करा". बरोबर, चालू केली की बहुतेकांचा आकडा परत खाली येतो. पण आला हे कळणार कसं हो? सुरुवातीला ना ताप, ना अशक्तपणा, गल्लीतल्या लॅबचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, एकदम नॉर्मल, आणि बीसीआर-एबीएल, म्हणजे पीसीआर मोजतो तो कॅन्सरचा जनुक, मात्र गुपचूप चढत असतो. म्हणून पहिले काही महिने तरी दर महिन्याला पीसीआर करायचा आणि ०.१ टक्क्याच्या वर गेला की गोळी लगेच सुरू. हे जमणार असेल तर डॉक्टरांशी बोला, ते स्वतःच सांगतात कधी थांबवायची ते.

माझा मागचा पीसीआरचा आकडा ०.००८ टक्के, त्याआधीचा ०.०१४. ०.०१ च्या खाली सलग दोन वर्षं राहू दे, मग बघू म्हणालेत. तोवर जेवण झालं की गोळी आणि वर तांब्याभर पाणी.