‘शंभरातल्या पंच्याण्णव जणांचं डाएट फसतंच’ हा आकडा आला कुठून?

वजन उतरवायला निघालेल्या माणसाला हे हमखास ऐकवलं जातं: 95 टक्के लोकांचं वजन परत येतं, 1959 मध्येच सिद्ध झालंय, सगळं जनुकांत असतं, तेव्हा नाद सोडा.

1959 चा तो निबंध अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड आणि मॅव्हिस मॅक्लारेन-ह्यूम यांचा. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या आहार-क्लिनिकमधले ओळीने 100 रुग्ण. डाएट लिहून दिलं आणि घरी पाठवलं. तेव्हाची रीतच ती. 20 पौंड, म्हणजे सुमारे 9 किलो, उतरवले 12 जणांनी. दोन वर्षांनी ते टिकले होते दोघांचे. ‘95 टक्के’ पसरलं ते इथून. नापास झाली ती कागद देऊन मोकळं होण्याची पद्धत. स्टंकार्ड यांनी स्वतःही पुढे हेच सांगितलं.

शिवाय पट्टी 9 किलोंची. 6 किलो उतरवणारा त्यात नापासच. पण 85 किलोच्या माणसाचे 6 किलो म्हणजे 7 टक्के, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीचं लक्ष्य तेवढंच होतं, जोडीला आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम. हे करणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या गटाच्या तुलनेत, 58 टक्क्यांनी घटलं.

पाठपुरावा ठेवला तर काय होतं? ‘लुक अहेड’ चाचणीत टाइप 2 मधुमेहाचे 5145 रुग्ण होते. निम्म्यांना पहिले सहा महिने दर आठवड्याला भेट, वजनानुसार 1200 ते 1800 कॅलरी, आठवड्याला 175 मिनिटं व्यायाम. पहिल्या वर्षी सरासरी 8.6 टक्के घट, आठव्या वर्षी 4.7. म्हणजे बरंच वजन परत आलं, हे खरंच. तरीही आठ वर्षांनी निम्मे लोक सुरुवातीपेक्षा किमान 5 टक्क्यांनी खाली होते.

वजन परत का येतं, याचं उत्तर आळसात शोधू नये. लायबेल, रोझेनबॉम आणि हर्श या संशोधकांनी 1995 मध्ये दाखवलं, की 10 टक्के वजन उतरलं की शरीराचा ऊर्जाखर्च कमी झालेल्या वजनाच्या हिशेबापेक्षाही जास्त घटतो. म्हणून वजन उतरल्यानंतरही आहार आवरता ठेवावा लागतो. औषधांचंही तसंच: भूक कमी करणारं सेमाग्लुटाइड थांबवलं की वर्षभरात उतरलेल्यापैकी सरासरी दोन तृतीयांश वजन परत येतं.

जनुकांचं म्हणाल, तर 1986 चा 540 दत्तक डॅनिश व्यक्तींचा अभ्यासही स्टंकार्ड यांचाच. शरीरयष्टी जन्मदात्यांशी जुळली, दत्तक घेणाऱ्या पालकांशी नाही. पण कल असणं म्हणजे उपचार निरुपयोगी नव्हे. स्वतः स्टंकार्ड वर्तनोपचारांवर, म्हणजे सवयी बदलण्याच्या उपचारांवर, काम करतच राहिले.

उलट बाजूही आकडा ताणते. अमेरिकेच्या वजन-नोंदवहीत किमान 13.6 किलो उतरवून वर्षभर टिकवलेले 10,000 हून अधिक लोक आहेत, पण ते स्वतःहून नाव नोंदवलेले. किती जणांनी प्रयत्न केला हेच तिथे कळत नाही, त्यामुळे त्यावरून यशाची टक्केवारी काढता येत नाही.