पित्ताची गोळी, आतड्याची सूज आणि एक फिरता मेसेज

महिनाभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला: 'पित्ताची गोळी फक्त ॲसिड मारते. तिच्यामुळे आतड्यांची सूज वाढते, नसा निकामी होतात, म्हणून अपचन जुनाट होतं. गोळी आजच फेका, सकाळी लिंबूपाणी प्या.' मी औषधाच्या दुकानात बसतो. परवा दोन गिऱ्हाइकांनी हाच मेसेज उघडून मोबाइल काउंटरवर ठेवला.

'फक्त ॲसिड मारते.' पॅन्टोप्रॅझोल, म्हणजे हीच ती पित्ताची गोळी, जठरातले ॲसिड सोडणारे पंप बंद करते, इथवर खरं. पण दोन घासांत पोट गच्च होणारे, एंडोस्कोपी नॉर्मल येणारे आणि 'टेन्शन घेऊ नका' ऐकून परतणारे जे लोक आहेत, त्यांचं दुखणं बऱ्याचदा जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणावर असतं. तिथे इओसिनोफिल नावाच्या, सुजेशी संबंधित पांढऱ्या पेशी जास्त असतात, हे स्वीडनमधल्या अभ्यासातून 2007 मध्ये पुढे आलं. एंडोस्कोपीत त्या दिसत नाहीत. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजाव्या लागतात.

'सूज वाढते.' बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना रोज 40 मिलिग्रॅम पॅन्टोप्रॅझोल चार आठवडे दिलं. 2021 मध्ये छापून आलेला निकाल मेसेजच्या अगदी उलटा होता: इओसिनोफिल घटले, मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी) घटल्या, आतड्याच्या अस्तराची गळतीही कमी झाली. आता गंमत बघा. त्याच अभ्यासात धडधाकट माणसांनी तीच गोळी घेतली, तेव्हा त्यांचे इओसिनोफिल वाढले! मेसेजवाल्याने एवढं जरी वाचलं असतं, तरी त्याला अर्धा मुद्दा आयता मिळाला असता. लग्नाच्या पंगतीआधी 'सेफ्टी म्हणून' गोळी मागणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. आणि रुग्णांतही ती रामबाण नाही: दहा-अकरा जणांना दिली, तर बिनऔषधाच्या गोळीपेक्षा एकाला जास्त आराम, असा हिशोब आहे.

'नसा निकामी होतात.' ल्यूव्हेनच्याच 2015 च्या कामात या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराखालच्या मज्जातंतूंच्या गाठी मंद प्रतिसाद देताना दिसल्या, आणि त्यांच्याजवळ याच दोन पेशींची गर्दी होती. मास्ट पेशींतून सुटणारं हिस्टामिन नसांना डिवचतं. म्हणजे नसांची कुरबूर या आजाराचाच भाग आहे. तिचं खापर गोळीवर फोडता येत नाही. एक मात्र मान्य: दोन-दोन वर्षं रोज गोळी घेणाऱ्यांत बी-12 ची कमतरता जास्त आढळते, आणि बी-12 घटलं की हातापायांना मुंग्या येतात.

'आजच फेका.' हा सल्ला सगळ्यात घातक. डेन्मार्कमध्ये निरोगी लोकांना आठ आठवडे इसोमेप्रॅझोल (याच जातीची दुसरी गोळी) देऊन थांबवलं, तर 44 टक्के लोकांना ॲसिडचा त्रास सुरू झाला. बिनऔषधाची गोळी घेतलेल्यांत तो 15 टक्क्यांना झाला. दाबलेले पंप मोकळे झाले की काही आठवडे जास्तच ॲसिड सोडतात. मग माणूस म्हणतो, 'बघा, गोळीची सवय लागली!' शिवाय अल्सर होऊन गेलेला आणि ॲस्पिरिन चालू असलेला माणूस गोळी फेकून बसला, तर रक्तस्रावाची भीती.

लिंबूपाण्याबद्दल काय बोलायचं? छातीत आग होत असताना कोणी उपाशीपोटी आंबट पितं का?

काउंटरवरच्या त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक काका तीन वर्षं गोळी घेत होते, तीही नाश्त्यानंतर चहाबरोबर. पंप खाण्याच्या सुमारास जागे होतात आणि गोळी जाग्या पंपालाच धरते, म्हणून ती अर्धा तास आधी हवी, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना भेटून गोळी अजून लागते का ते विचारा आणि बी-12 तपासून घ्या, म्हटलं. 'पायाला मुंग्या येतात खऱ्या,' ते म्हणाले, 'पण त्या मी वयावर ढकलत होतो.'