नांगरटीतली खापरं आणि पांढरीची माती

नमस्कार. आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. नांगरानं उलथलेल्या शेतातल्या खापरांवरून इतिहास ठरत नाही, शेतकरी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती खत म्हणून रानात टाकतात त्यामुळे खापर सापडलं तिथं वस्ती होतीच असं नाही, आणि हौशी मंडळींनी हे काम तज्ज्ञांवर सोडावं, असं आपलं म्हणणं. यातला पांढरीचा मुद्दा अगदी खरा आहे. रानोमाळ फिरून खापरांच्या नोंदी करणाऱ्या आमच्या हौशी मंडळींबद्दलच्या मागच्या लेखात मी तो लिहायलाच हवा होता.

घोडनदीच्या काठच्या एका रानात आम्हाला तोच धडा मिळाला. वळीव होऊन गेला होता, धूळ धुतली गेली होती, काळ्या ढेकळांवर तांबडी खापरं लांबून दिसत होती. काळ्या रेघांची नक्षी, टिचकी मारली की खणखणीत आवाज. जोर्वे काळातली, म्हणजे तीन हजार वर्षांच्या आसपासची. आम्ही हरखलो. बांधावरच्या आजी म्हणाल्या, "ही माती हितली न्हाई बाबांनो. मामंजींनी त्या टेकाडावरनं गाड्या भरून आणली." त्या रानाच्या नोंदीपुढं आम्ही 'आणलेली माती' असं लिहिलं आणि टेकाडाकडं वळलो. तिथं खापरांबरोबर राख, भाजक्या मातीचे गिलावे, गारगोटीची पाती आणि पाट्याचा तुकडाही होता. टाकलेल्या मातीत खापरं विरळ पसरतात. वस्तीच्या जागी ती दाट असतात आणि घरातल्या इतर खुणा सोबत असतात. हा फरक कळावा म्हणूनच आम्ही दहा-दहा मीटरवर ओळीनं उभं राहून चालतो आणि काहीच न मिळालेल्या पट्ट्यातही शून्य लिहितो.

नांगर खापर थोडंफार इकडंतिकडं सरकवतो, पण दाट जागा दाटच राहते. घर कसं होतं, थर किती, हे मात्र त्यातून कळत नाही, आणि तसा दावा आम्ही केलेला नाही. त्यासाठी घोडनदीकाठच्याच इनामगावसारखं उत्खनन लागतं; तिथं डेक्कन कॉलेजनं 1968 पासून अनेक हंगाम खोदकाम केलं, तेव्हा 130 हून अधिक घरं उजेडात आली.

आम्ही खणत नाही. त्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. खापर उचलून घरीही नेत नाही. मालकाला विचारून रानात शिरतो, फोटो, मोजणी आणि जागेची नोंद झाली की ते होतं तिथंच ठेवतो. जागेची नोंद किती मोलाची असते, ते प्रवरेकाठच्या दायमाबाद या प्राचीन वस्तीच्या जागी दिसतं. 1974 साली झाडाचं मूळ खणताना तिथं रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा काशाच्या चार मूर्ती निघाल्या, वजन मिळून 60 किलोंच्या वर. पण त्या कुठल्या थरातल्या हे कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला.

तज्ज्ञांवर सोडा म्हणता, तर आमच्या नोंदी त्यांच्यासाठीच आहेत. मात्र तोवर ते टेकाड राहायला हवं. त्याची पूर्वेची बाजू यंदा उसासाठी जेसीबीनं सपाट झाली. उरलेल्या बाजूची मोजणी पेरणीआधी करायची आहे. आपण आलात तर ओळीत एक माणूस वाढेल, आणि आमचं कुठं चुकतं तेही जागेवरच दाखवता येईल.