आतलंच काम आहे, मग परवानगी कशाला?

प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा, की इंग्लंडमध्ये पब चालवायला घेऊन त्याचं आतून नूतनीकरण करणाऱ्यांना मी परवानग्यांच्या नावाने उगाच घाबरवते. तुमच्या मते बाहेरच्या भिंतीला हात लावला नाही तर कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, जायचं कारणच नाही, आणि फार तर दंड भरला की विषय मिटतो.

प्लॅनिंग परमिशनपुरतं, म्हणजे बांधकामाच्या परवानगीपुरतं, तुमचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. १९९० च्या नगररचना कायद्यानुसार इमारतीचं बाह्यरूप न बदलणारं आतलं काम ‘डेव्हलपमेंट’ धरलं जात नाही. पण इमारत लिस्टेड, म्हणजे जतन करायच्या ऐतिहासिक इमारतींच्या यादीतली, निघाली तर जुना काउंटर, लाकडी पॅनेलिंग, फायरप्लेस हे सगळं संरक्षणात येतं. कौन्सिलच्या संमतीशिवाय त्याची मोडतोड करणं हा फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या संमतीच्या अर्जाला शुल्कही नसतं, मग टाळायचं कशासाठी?

माझा खरा जीव अडकलाय तो दारूविक्रीच्या लायसन्सच्या नकाशात, कारण तो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. २००३ च्या लायसन्सिंग कायद्याखालच्या परवान्याला जागेचा नकाशा जोडलेला असतो: बाहेर पडायचे मार्ग, जिने, शौचालयं, आग विझवायची साधनं, दारूविक्रीची जागा. तुम्ही लिहिलंय तसा बार खिडकीपासून मागच्या भिंतीला नेलात, की जागा एक आणि कागद दुसरा. बदल किरकोळ असेल तर ‘मायनर व्हेरिएशन’, म्हणजे परवान्यातल्या छोट्या बदलाचा अर्ज, पुरतो. त्यावर म्हणणं मांडायला लोकांना १० कामाचे दिवस मिळतात. पण पिण्याची जागा वाढणार असेल तर बहुधा पूर्ण अर्जच करावा लागतो, आणि त्यावर म्हणणं मांडायची मुदत २८ दिवसांची. तेवढे दिवस सुतार बसवून ठेवायचे, तर भाडं चालूच राहतं.

बिल्डिंग रेग्युलेशन्स (बांधकामाच्या दर्जाचे आणि सुरक्षेचे नियम) आणि आगीच्या धोक्याचं मूल्यांकन वेगळंच. आणि इमारत २००० पूर्वीची असेल तर छत किंवा भिंत फोडण्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी कराच. तिथे कामगारांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे.

आता दंडाचं. लंडनचा कार्लटन टॅव्हर्न हा पब २०१५ मध्ये परवानगीशिवाय पाडला गेला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो होता तसा, विटेला वीट जुळवून पुन्हा बांधायला लावला. २०२१ मध्ये तो उघडला. ते पाडकाम होतं, तुमचं नूतनीकरण आहे, हे मान्य. पण ‘पूर्ववत करा’ असा आदेश लिस्टेड इमारतीच्या आतल्या कामालाही निघू शकतो.

तुमचा पब लिस्टेड आहे का, हे हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत फुकट बघता येतं. जागा लीजवर असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. तोंडी ‘चालेल’ धरू नका. आणि ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी लायसन्सचा नकाशा हातात घेऊन एकदा पबभर फिरा.