सायकल इल्लि ब्याडरी!

रविवारी मावसभावाच्या पोरीचं लग्न होतं. आमच्या बेळगावातलं, खानापूर रोडवरचं कार्यालय. इस्त्रीचा शर्ट, खिशात आहेराचं पाकीट, हँडलला पिशवी, असा मी झोकात गेटवर पोचलो तर वॉचमननं आडवा हात घातला. "सायकल इल्लि ब्याडरी. होरग हच्चरी." म्हणजे कानडीत, सायकल इथं नको, बाहेर लावा. म्हटलं, का बाबा? आत एवढं मोठं मैदान पडलंय, कोपऱ्यात लावतो. तर म्हणे ओळ मोडते, आणि गाड्यांना ओरखडे पडतात. हे सगळं त्यानं हळू आवाजात, जरा शरमेनंच सांगितलं. त्याला मी काय बोलणार? तो स्वतः सायकलवर येतो. त्याची सायकल जनरेटरच्या मागं लपवलेली मला दिसत होती.

गटारीकडेच्या खांबाला साखळी घातली आणि आत गेलो. नवरीचा मामा दारातच उभा. राम राम नाही, पाणी घ्या नाही, पहिला प्रश्न, "कशानं आलासा?" सायकलनं म्हटल्यावर मला डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितल्यासारखा चेहरा केला. "फोन तरी करायचा की ओ, पोराला गाडी घेऊन पाठवलो असतो." अहो मामा, वडगावातनं इथं यायला मला पंचवीस मिनिटं लागली. तुमचा पोरगा गाडी घेऊन निघाला असता तर मी अक्षता चुकवल्या असत्या!

मला गाडी परवडत नाही असं नाही. हे सांगावं लागतं याचाच राग येतो. उद्यमबागला मशीन शॉपमध्ये सत्तावीस वर्षं काढलीत, घर बांधून झालंय, पोरगी इंजिनिअरिंगला आहे. हप्त्यावर गाडी द्यायला बँकवाले रोज फोन करतात. मला नको आहे. लावू कुठं? आमच्या गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांच्या पायऱ्यांमध्ये एक बैलगाडी जाईल एवढी जागा, आणि तिथं सात मोटारी झोपलेल्या. आठवड्यातनं एकदा जागच्या हलतात, रविवारी, गणपत गल्लीच्या कोंडीत भर घालायला. बाकी सहा दिवस त्यांच्यावर कापड असतं आणि कापडावर मांजर. दारात रांगोळी काढायला हातभर जागा नाही म्हणून बायका पायरीवर टिपके मांडतात. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री मित्राकडं शहापूरला जातो, तेव्हा मार्गावरच्या सगळ्या गाड्या हलवलेल्या असतात आणि तिथला रस्ता एवढा रुंद आहे हे माझ्या वर्षातनं एकदा ध्यानात येतं.

रविवारच्या बाजाराची तर वेगळीच मजा. एमएच-०९, जीए, केए-२२, सगळे एकमेकांच्या बंपरला बंपर लावून उभे. सत्तर वर्षं होत आली, सीमाप्रश्न सुटेना, खरं पार्किंगमध्ये काय ती एकी! महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक मिळून माझीच वाट अडवतात.

आणि टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट. फाटक पडलं की दुचाकीवाला आधी डावीकडं थांबतो, मग मागचा त्याच्या उजवीकडं घुसतो, त्याच्या उजवीकडं रिक्षा, तिच्या उजवीकडं एक मोटार. पलीकडंही हीच तऱ्हा. रेल्वे जाते, फाटक वर होतं आणि दोन्ही बाजू कबड्डीसारख्या समोरासमोर! सगळे एकदम हॉर्न. कुणालाही पुढं जाता येत नाही आणि मागं तर कुणी घेतच नाही. अशा वेळी मी उतरतो, सायकल हातात धरतो आणि बाजूनं चालत पलीकडं जातो. मोटारीत बसलेले काचेतनं माझ्याकडं रागानं बघतात, जसा काय मी त्यांचा नंबर खाल्लाय.

परवा खडेबाजारात एकानं मागं न बघता धाडकन दार उघडलं. मी ब्रेक दाबला, तरी दाराची कड गुडघ्यावर बसलीच. वर तोच विचारतो, "दिसत न्हाई काय?" दार तू उघडलास की रे बाबा!

हवेचंच घ्या. माझी सायकल बाबांची, बावीस इंची काळी हर्क्युलस. हिच्या ट्यूबला जुना वाल, आत बारीक रबरी नळी असते तो. पेट्रोल पंपावरच्या हवेचं तोंड मोटारीच्या आणि मोटारसायकलच्या वालला बसतं, ह्याला बसत नाही. मध्ये एक छोटं पितळी नोझल लावलं की काम होतं. ते नोझल कुठल्या पंपावर असतं? एका पंपावर विचारलं तर पोरगं हसलं. "काका, सायकलला हवा न्हाई." मग हातपंप. पूर्वी आमच्या कोपऱ्यावर सायकलचं दुकान होतं, तासावर भाड्यानं सायकली मिळायच्या, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायला म्हातारा बसलेला असायचा. आज तिथं मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. पंक्चरसाठी आता अनगोळपर्यंत सायकल ढकलत न्यावी लागते. २०२० साली ३ जूनला, जागतिक सायकल दिनालाच, तिकडं साहिबाबादला अ‍ॅटलासचा कारखाना बंद पडला. बातमी वाचून मी त्या दिवशी डबा तसाच परत आणला होता.

खरं माझं डोकं खऱ्या अर्थानं फिरतं ते रविवारच्या सायकलवाल्यांमुळं. हेल्मेट, गॉगल, अंगाला चिकटलेले कपडे, आणि सायकलची किंमत माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी. ही सायकल मोटारीच्या मागं टांगून राकसकोपच्या रस्त्यापर्यंत नेतात, तिथं उतरवतात, चालवतात, फोटो काढतात आणि परत टांगून घरी. सगळेच तसे नव्हेत, काही जण घरातनं निघून राजहंसगडाचा चढ चढून येतात, त्यांना माझा नमस्कार. बाकीच्यांतला एक आमच्या कारखान्यात साहेब आहे. सोमवारी तो मोटारीतनं येतो, जेवणाच्या सुट्टीत चाळीस किलोमीटर मारल्याचं सगळ्यांना दाखवतो आणि सगळे म्हणतात, काय फिटनेस आहे साहेब! मी सत्तावीस वर्षं पावसाळ्यातसुद्धा रोज जातो-येतो. जूनपासून आपल्याकडं पाऊस कसा असतो ते सांगायला नको. मला कुणी फिटनेस म्हणत नाही. मला म्हणतात, "अजून सायकलच?"

तो "अजून" जिभेवर ठेवून बघा एकदा.

हे शहर कधी सायकलचं होतं हे लोक विसरलेत. हवा थंड, अंतरं दोन-चार मैलांची, कारखान्याचा भोंगा झाला की उद्यमबागेतनं सायकलींचा लोंढा निघायचा. वडगाव-खासबागचे विणकर कॅरिअरला साड्यांचे गठ्ठे बांधून जायचे. पहाटे खेड्यांतनं दुधाच्या किटल्या लटकवून गवळी यायचे, किटल्यांचा खडखडाट ऐकून आई उठायची. पुढं २००६-०७ पासून आठवीच्या पोरापोरींना शाळेतनं सरकारी सायकली मिळायला लागल्या, तेव्हा येळ्ळूरच्या रस्त्याला लाल रिबिनी बांधलेल्या पोरींची रांगच्या रांग लागायची. त्यातल्या एकीनं माझ्याशी शर्यत लावून मला हरवलं होतं. परवा भेटली. मोटारीत होती, काच खाली करून म्हणाली, "काका, अजून सायकल?" तूसुद्धा!

खंडेनवमीला मी सायकल धुतो, चेनला तेल घालतो, हँडलला झेंडूचा हार बांधतो. शेजारचे त्यांच्या मोटारीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. गेल्या वर्षी त्यांचं पोरगं हसत विचारत होतं, काका हिला पण लिंबू ठेवू काय? ठेव म्हटलं. त्यानं ठेवलं, मी टांग मारली, लिंबू बाजूला घरंगळून गटारीत गेलं.

असो. लग्न लागलं, जेवलो, बाहेर आलो. सायकलच्या सावलीत कुत्रं झोपलेलं, कॅरिअरवर कुणीतरी उष्टी पत्रावळ ठेवून गेलेलं. आणि आत मैदानात मामाची गाडी तीन गाड्यांच्या मागं अडकलेली, मामा घामाघूम होऊन माईकवरनं नंबर पुकारायला सांगतोय. मी घंटी वाजवली. त्यानं बघितलं नाही.

आज अजून एक पत्रिका आली. पुढच्या गुरुवारचं लग्न, तेच कार्यालय. खाली ठळक अक्षरात छापलंय, "पार्किंगची सोय आहे." संध्याकाळी त्यांना फोन लावणार आहे. कुणाची सोय आहे ते विचारतो.