गल्लीतला मिस्त्री आणि टेस्ट लॅम्प : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब,

माझ्या जुन्या जावा मोटरसायकलच्या वायरिंगवरच्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. गाडी 6 व्होल्टवरच का ठेवली, 12 व्होल्ट का केली नाही. जोडांना सोल्डर, म्हणजे कथलाचं झाळण, का मारलं नाही. वायरीची जाडी का लिहिली नाही. हे प्रश्न सरळ विचारले असतेत तर मीही सरळ उत्तर दिलं असतं. पण मध्येच तुम्ही लिहिलंय, "टेस्ट लॅम्प लावून वायरिंग तपासणं हा गल्लीतल्या मिस्त्रीचा अडाणीपणा आहे, निदान एक मल्टिमीटर तरी घ्यायचा." टेस्ट लॅम्प म्हणजे वायरीतून करंट पोचतो का ते पेटून दाखवणारा बल्ब, मल्टिमीटर म्हणजे व्होल्ट आणि रेझिस्टन्स आकड्यात दाखवणारा मीटर. आधी या वाक्याचं बघू.

तो गल्लीतला मिस्त्री म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात अण्णांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. ट्रकचे डायनामो, सेल्फ, ट्रॅक्टरची वायरिंग आणि अधूनमधून बुलेट, जावा, येझदी. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथंच. आर्मेचर, म्हणजे डायनामोचा फिरणारा गाभा, मांडीवर घेऊन त्याच्या टोकाच्या कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्यानं खरवडायचा, हे माझं पहिलं काम. पट्टीला ओरखडा गेला की अण्णा काही बोलायचे नाहीत, आर्मेचर काढून घ्यायचे आणि स्वतः करायला बसायचे. ते जास्त लागायचं. अशा माणसाला अडाणी म्हणण्याआधी तो काय करत होता हे तरी विचारायचं होतं.

अण्णांचा टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये 21 वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला क्लिप, दुसरीला घासून टोकदार केलेला सायकलचा स्पोक. 6 व्होल्टवर हा बल्ब साडेतीन अँपिअर ओढतो. सगळी गोम इथंच आहे. तुमचा डिजिटल मीटर व्होल्ट मोजताना सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरीच्या आतल्या सगळ्या तारा तुटून एकच केसासारखी उरली असली, तरी मीटर 6 व्होल्ट पुरेपूर दाखवतो. तुम्ही म्हणणार वायर चांगली आहे. तिथंच टेस्ट लॅम्प लावा, बल्ब लालसर मिणमिणतो. वायर कामाची नाही, हे डोळ्यांना दिसतं.

आकड्यातच पाहिजे असेल तर घ्या. माझ्या गाडीला 35 वॉटचा हेडलाइट आहे, म्हणजे 6 व्होल्टवर जवळपास 6 अँपिअर. वाटेत कुठं एका गंजक्या जोडाचा रेझिस्टन्स 0.1 ओहम असला, तर तिथंच अर्ध्या व्होल्टच्या वर खाल्लं जातं. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याच्या कितीतरी पटीनं उतरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड साधारण तीस टक्के जातो. आणि हा 0.1 ओहम स्वस्तातल्या मीटरवर मोजायला जाल तर मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त भरतो. मग अडाणी कोण, हे तुम्हीच ठरवा. मीटर माझ्याकडंही आहे, चांगला आहे. कुठलं हत्यार कशाला वापरायचं हे कळणं वेगळं, एवढंच.

लेखातलं माझं म्हणणंही याच्याशीच जोडलेलं होतं, पण तुमचं तिकडं लक्षच गेलं नाही. जुन्या गाड्यांचा उजेड मंद असतो तो बहुतेक वेळा अर्थिंगमुळं, म्हणजे करंट बॅटरीकडं परत जायच्या वाटेमुळं. हेडलाइटचा करंट परत जाताना स्टिअरिंगच्या छऱ्यांमधून चेसीत जातो आणि तिथं ग्रीस भरलेलं असतं. त्यात हल्ली गाडी नवी करताना सगळे चेसीला पावडर कोटिंग मारून आणतात. दिसायला झकास, पण कोटिंगमधून करंट जात नाही. अर्थच्या बोल्टखालचं कोटिंग कानसीनं घासून लोखंड उघडं केलं नाही, तर नवी कोरी वायरिंग करूनही उजेड पहिल्यापेक्षा कमी. म्हणून मी हेडलाइटच्या डब्यातून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी अर्थची वायर ओढली. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत नसावा. 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या वायरी मी सोलून बघितल्यात. वरून प्लॅस्टिक चकचकीत, आणि थिंबलपासून, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यापासून, वीतभर आत तांबं काळं पडलेलं. मीटर त्यातल्या कितीतरी वायरींना 'ओके' म्हणत होता.

आता 12 व्होल्टचं. गाडी म्हैसूरच्या कारखान्यातून 6 व्होल्टची निघाली, मी ती 6 व्होल्टवरच चालवणार. 12 वर नेल्यावर करंट निम्मा होतो, म्हणून तोच गंजका जोड कमी त्रास देतो. पण तो जोड गंजकाच राहतो. तुम्हाला करायचं तर करा, माझी काही हरकत नाही.

सोल्डर मी मुद्दाम टाळलं. सोल्डर वायरीच्या तारांत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्यानं बरोबर त्याच कडेला वायर तुटते. चांगल्या प्लायरनं दाबलेलं थिंबल पुरेसं असतं. यावर आणखी वाद घालायचा नाही.

वायरीची जाडी लेखात नव्हती, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. देतो. बॅटरीपासून स्विचपर्यंतची मेन, हेडलाइट आणि अर्थ 2.5 स्क्वेअर एमएम. हॉर्न आणि ब्रेक लाइट 1.5, मागचा दिवा आणि स्पीडोमीटरचा बल्ब 1. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, दूर नाही.

बाकी तुम्ही "हौशी लोकांनी लिहून नवख्या पोरांना बिघडवू नये" असंही म्हटलंय. पोरं बिघडत नाहीत हो. वायरिंगच्या नावाखाली निम्मी गाडी बदलायला सांगून अव्वाच्या सव्वा बिल लावलं, की ती गाडी विकून मोकळी होतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांच्यासाठीच मी लिहितो आणि लिहीत राहणार.

आणि मीटरवर एवढा विश्वास आहे, तर एक करा. हेडलाइट चालू ठेवा. चालू ठेवूनच, हे महत्त्वाचं, कारण वायरीतून करंट वाहत असेल तरच मीटरला दोष दिसतो. मीटर व्होल्टवर ठेवून त्याची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी हेडलाइटच्या होल्डरच्या अर्थवर धरा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत आला तर तुमची वायरिंग उत्तम आहे, मी मान्य करीन. जो काही येईल तो इथंच खाली लिहा.